तो वाचक आहे की ट्रोल? पहिलं पुस्तक आलेल्या लेखकासाठी

माझ्या पहिल्या कादंबरीवर पहिला वाईट अभिप्राय आला तो पुस्तक निघाल्यावर अकराव्या दिवशी. दोन तारे, खाली सहा ओळी. नायिकेचा भाऊ तिसऱ्या प्रकरणानंतर नाहीसाच होतो, शेवट उरकल्यासारखा वाटतो, सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात, असं एका बाईंनी लिहिलं होतं. रात्री साडेबाराला मी त्याखाली चार परिच्छेदांचं उत्तर टाकलं. भाऊ मुद्दाम दिसत नाही, शेवट कळायला पुस्तक नीट वाचावं लागतं, वगैरे. सकाळी पाहिलं तर त्यांनी अभिप्राय काढून टाकला होता. मला वाटलं, झालं, विषय मिटला. पुढच्या आठवड्यात तिथल्याच तीन नियमित वाचकांनी लिहिलं की या लेखिकेच्या पुस्तकांबद्दल आपण यापुढे काही लिहिणार नाही. त्यांनी पुन्हा कधीच लिहिलं नाही.

त्या बाई ट्रोल नव्हत्या. पदरचे पैसे घालून त्यांनी पुस्तक घेतलं होतं, शेवटपर्यंत वाचलं होतं, आणि भाऊ कुठे गेला याची त्यांना काळजी वाटली होती. एवढं मन लावून वाचणाऱ्या बाईंना मी शत्रू समजून बसले. त्यानंतर नव्या लेखकांच्या बऱ्याच फजित्या मी जवळून पाहिल्या, आणि त्यातल्या बहुतेकांचं मूळ हेच होतं. वाचकाला ट्रोल समजून त्याच्यावर तुटून पडायचं, आणि खऱ्या ट्रोलला वाचक समजून तासन्‌तास समजावत बसायचं. या दोघांशी वागायची रीत एकमेकींच्या अगदी उलट आहे. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी तो एकच प्रश्न आहे: समोरचा वाचक आहे की ट्रोल?

पहिली पायरी: पुस्तक येण्याआधीची कामं

तहान लागल्यावर विहीर खोदायची वेळ येऊ नये, म्हणून ही कामं प्रकाशनाच्या महिनाभर आधी उरका. एका दुपारचं काम आहे.

वाचकांसाठी वेगळा ईमेल पत्ता घ्या. बँकेला आणि घरच्यांना दिलेला पत्ता कुठेही जाहीर राहू देऊ नका. ईमेलला आणि समाजमाध्यमांवरच्या सगळ्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावा. स्वतःची वेबसाइट असेल तर तिच्या नोंदणीत तुमचा फोन नंबर आणि घराचा पत्ता उघडा राहिलेला नाही ना, हे नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून तपासून घ्या. मुलांचे शाळेच्या गणवेशातले फोटो आणि घराची पाटी दिसणारे फोटो काढून टाका. बहुतेकांना या सगळ्याची कधीच गरज पडत नाही. पडते तेव्हा मात्र हाताशी वेळ उरलेला नसतो.

फेसबुकचं पान, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब या तिन्ही ठिकाणी ठरावीक शब्द असलेल्या कमेंट आपोआप अडवायची सोय आहे. तिथे शिव्यांची यादी भरून ठेवा. देवनागरीत भराच, पण त्याच शिव्या लोक रोमन लिपीत जशा टाइप करतात तशाही, दोन-तीन स्पेलिंगांनी भरा, कारण चाळणी अक्षरं जुळवते, अर्थ नाही. माझी यादी माझ्या धाकट्या भावाने बसून भरली. मला ते शब्द एकामागून एक टाइप करवेनात. तुम्हालाही जमत नसेल तर खुशाल दुसऱ्याला सांगा.

आणखी एक माणूस ठरवून ठेवा, पुस्तकाचे अभिप्राय तुमच्या आधी वाचणारा. मित्र, बहीण, नवरा, बायको, कोणीही चालेल, पण दोन अटी आहेत. त्याने तुमचं पुस्तक वाचलेलं असावं, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गोष्टी लपवणारा तो नसावा. पहिले तीन महिने त्याने आठवड्यातून एकदा तुम्हाला सांगायचं: काय चांगलं आलं, काय वाईट आलं, आणि कशाकडे लक्ष द्यायला हवं.

दुसरी पायरी: पहिले चोवीस तास

वाईट अभिप्राय दिसला की चोवीस तास काहीही करायचं नाही. हा नियम मी स्वतःसाठी केलाय आणि आजवर एकदाही मोडलेला नाही.

रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये ढीगभर संशोधनाचा आढावा घेऊन दाखवलं की वाईट अनुभवाचा ठसा चांगल्या अनुभवापेक्षा खोल उमटतो. वीस जणांनी केलेलं कौतुक विसरून तुम्ही एकविसाव्याच्या एका ओळीपाशी अडकता, तेव्हा तुम्ही दुबळे नसता. माणसाचं मन असंच चालतं. त्या मनाने त्या घटकेला लिहिलेलं उत्तर मात्र कायमचं राहतं.

लिहिल्याशिवाय राहवतच नसेल तर वहीत लिहा, कागदावर. उत्तराच्या चौकटीत कच्चा मजकूरसुद्धा टाइप करू नका, बोट चुकायला क्षण पुरतो. अभिप्रायाचा स्क्रीनशॉट आपल्या पानावर टाकून ‘बघा, लोक काय काय लिहितात’ असंही म्हणू नका. तुम्हाला फक्त मन मोकळं करायचं असतं. पण तुमचे चाहते तो स्क्रीनशॉट बोलावणं समजतात आणि त्या माणसाच्या खात्यावर जाऊन धडकतात. सकाळपर्यंत ट्रोलिंग करणारी टोळी तुमचीच झालेली असते. मन मोकळं करायला एखाद्या मित्राला फोन करा.

तिसरी पायरी: ओळख पटवा

चोवीस तासांनी तो मजकूर पुन्हा वाचा आणि एकच गोष्ट शोधा: याचं लक्ष पुस्तकाकडे आहे की तुमच्याकडे? वाचक पुस्तकाशी भांडतो. ट्रोलला पुस्तकाशी देणंघेणं नसतं, त्याला तुम्ही हवे असता, तुमची चिडचिड हवी असते, तुमचं उत्तर हवं असतं.

हा शब्दच मुळात मासेमारीतला आहे. चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ ओढत न्यायचा आणि कोण तोंड घालतंय ते बघायचं, याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांमध्ये जुनी मंडळी नवख्यांसाठी मुद्दाम भलताच प्रश्न टाकून ठेवायची, त्यालाही हाच शब्द लागला. गळ हे चित्र डोक्यात ठेवलं तर पुढचं सोपं जातं.

भाषेच्या तिखटपणावरून ओळखायला जाऊ नका, तिथे हमखास चूक होते. ‘भिकार पुस्तक. पन्नास पानांनंतर सोडून दिलं. एकही पात्र जिवंत नाही.’ हे लागतं, पण ट्रोलिंग नाही. पन्नास पानं वाचून सोडलेल्या वाचकाला पन्नास पानांबद्दल बोलायचा पूर्ण हक्क आहे. उलट, ‘अतिशय नम्रपणे विचारतो, आपण हा विषय निवडण्यामागचा हेतू स्पष्ट कराल का?’ असं विचारणारा, उत्तर दिल्यावर पुन्हा तेच निराळ्या शब्दांत विचारणारा, तिसऱ्यांदा ‘आपण प्रश्नाला बगल देत आहात’ म्हणणारा माणूस कितीही आदराने बोलत असला तरी गळ टाकून बसलेला आहे. पहिल्या उत्तराने त्याचं समाधान झालं का, एवढंच बघा. वाचकाचं होतं, किंवा तो ‘मला नाही पटलं’ म्हणून निघून जातो.

ताऱ्यांचा अर्थही आपण चुकीचा लावतो. वाचक पुस्तकांना तारे आणि अभिप्राय देतात त्या गुडरीड्स या संकेतस्थळाने दिलेले अर्थ असे आहेत: एक तारा म्हणजे आवडलं नाही, दोन म्हणजे ठीक होतं, तीन म्हणजे आवडलं, चार म्हणजे खूपच आवडलं, पाच म्हणजे अप्रतिम. तीन तारे पाहून उदास झालेले लेखक मला दर महिन्याला भेटतात. त्यांच्या वाचकाने ‘आवडलं’ असं सांगितलेलं असतं! त्याच गुडरीड्सवर पुस्तक प्रकाशित होण्याआधीही तारे देता येतात, त्यामुळे अजून न निघालेल्या पुस्तकाला एक तारा दिसला तर दचकू नका. अ‍ॅमेझॉनवर दिसणारी सरासरीही साध्या बेरीज-भागाकाराची नसते. अभिप्राय किती ताजा आहे, पुस्तक तिथूनच विकत घेतलेलं आहे का, अशा गोष्टी त्यात धरल्या जातात. ती रोज उठून मोजू नका.

या ओळखीत एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. ट्रोल ही माणसांची वेगळी जात नाही. २०१४ मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात असं दिसलं की आवडीने ट्रोलिंग करणाऱ्यांमध्ये दुसऱ्याला छळून आनंद मिळवण्याची वृत्ती ठळकपणे आढळते. हे एक टोक झालं. पण २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी साध्यासुध्या लोकांवर प्रयोग केला. काहींना आधी सोपी कोडी दिली, काहींना अवघड देऊन वैतागवलं, आणि मग सगळ्यांना एका लेखावर प्रतिक्रिया लिहायला सांगितली. मन ठीक असलेल्या आणि आधीच्या प्रतिक्रिया सभ्य दिसलेल्या गटात ट्रोलिंगसारखं लिहिणारे सुमारे ३५ टक्के निघाले. वैतागलेल्या आणि आधीच घाण प्रतिक्रिया दिसलेल्या गटात ते ६८ टक्क्यांवर गेले.

म्हणजे आज तुमच्यावर तोंडसुख घेणारा माणूस कदाचित वाईट दिवस काढत असेल, आणि त्याच्या आधी दोघांनी तसंच लिहिलं म्हणून त्याची भीड चेपली असेल. यातून मी दोन गोष्टी घेतल्या. कोणाच्याही कपाळावर ‘ट्रोल’ असा शिक्का मारून जाहीरपणे तसं म्हणायचं नाही. आणि आपल्या पानावरची पहिली घाणेरडी कमेंट लगेच हटवायची, कारण तिच्या मागोमाग येणारे तिच्याकडे बघून सूर लावतात.

चौथी पायरी: वाचकाच्या टीकेचं काय करायचं

उत्तर द्यायचं नाही. अभिप्राय म्हणजे एका वाचकाने दुसऱ्या वाचकाशी केलेलं बोलणं असतं, त्यात लेखकाला बोलावलेलं नसतं. दोन माणसं तुमच्या पुस्तकाबद्दल बोलत असताना तुम्ही मधे जाऊन बसलात की ती गप्प होतात, आणि पुढच्या वेळी बोलतच नाहीत. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. गोड उत्तरसुद्धा नको. ‘आपल्या प्रामाणिक मताबद्दल आभार’ हे वाक्य एक तारा देणाऱ्याला पाळत ठेवल्यासारखं वाटतं.

वाचायचं मात्र जरूर, आणि वहीत उतरवायचं. निंदकाचे घर असावे शेजारी ही म्हण लेखकाइतकी कोणाच्याच उपयोगाची नसेल. माझ्या वहीत प्रत्येक पुस्तकासाठी एक पान असतं. तक्रार एकाच ओळीत, माझ्या शब्दांत लिहिते, म्हणजे तिचा डंख जातो आणि मुद्दा राहतो. ‘शेवट उरकला’ असं एकाने म्हटलं तर ती त्याची आवड. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी म्हटलं तर मी ते प्रकरण काढून वाचते. तिघांनी सांगितलेला उपाय दर वेळी बरोबर असतोच असं नाही. शेवट उरकल्यासारखा वाटतो तेव्हा दोष पुष्कळदा शेवटात नसून मधल्या रेंगाळलेल्या भागात असतो. पण कुठेतरी दुखतंय हे त्यांना बरोबर कळलेलं असतं.

तपशिलाची चूक दाखवणारा अभिप्राय मिळाला तर तो सोन्यासारखा जपा. साल चुकलंय, औषधाचं नाव चुकलंय, अमुक पदाच्या अधिकाऱ्याला तसा अधिकारच नसतो. आधी स्वतः पडताळा. चूक खरी असेल तर प्रकाशकाला कळवा. ई-पुस्तकात दुरुस्ती लगेच होते, छापील पुस्तकात पुढच्या आवृत्तीत होते, तोवर आपल्या वेबसाइटवर शुद्धिपत्र लावा. चुकीमुळे वाचकाला इजा होण्याची शक्यता असेल, समजा आरोग्याच्या पुस्तकात मात्रा चुकली असेल, तर इथे मात्र गप्प बसायचं नाही. त्याच दिवशी, जिथे जिथे तुमचं नाव आहे तिथे, चूक आणि दुरुस्ती स्पष्ट शब्दांत लिहा.

पुस्तक फाटकं आलं, पानं उलटी लागली, उशिरा मिळालं, अशा तक्रारींवर पडणारे तारे तुमचे नव्हेत. वितरणाबद्दलच्या तक्रारी अ‍ॅमेझॉन पुस्तकाच्या अभिप्रायात मान्य करत नाही. तिथली ‘रिपोर्ट’ची कळ वापरा आणि प्रकाशकाला कळवा.

सगळ्यात अवघड प्रसंग वेगळाच. एखाद्या समाजाचं, व्यवसायाचं किंवा अपंगत्वाचं चित्र तुम्ही पुस्तकात काढलंय, आणि त्यातलाच माणूस संतापून लिहितो, ‘आम्ही असे नसतो, तुम्ही आमची टिंगल केली आहे.’ भाषा कडक असते, रोख तुमच्यावरही असतो, आणि तिसऱ्या पायरीची चाचणी इथे फसू शकते. अशा वेळी मी फक्त एक पाहते: तो पुस्तकातली जागा दाखवतोय का? ‘एकशे बाराव्या पानावर’ म्हणणारा माणूस वाचक आहे, मग तो कितीही रागावलेला असो. त्याला लगेच उत्तर देऊ नका, पण त्याच समाजातल्या दोन-तीन जाणत्या माणसांना ते पान वाचायला द्या आणि मधे न बोलता ऐका. चूक निघाली तर ती थोडक्यात मान्य करा: ‘या प्रसंगाचं चित्रण चुकीचं आहे, हे मला दाखवून देण्यात आलं. मी त्याबद्दल दिलगीर आहे आणि पुढच्या आवृत्तीत तो बदलत आहे.’ एवढंच. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हे शब्द वापरू नका. दुखावल्या आहेत, हे त्याने सांगितलेलंच आहे.

या टीकेचा विक्रीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. होतो, पण वाटतो तसाच नाही. २००६ मध्ये जुडिथ शेव्हालियर आणि दिना मेझलिन यांनी अ‍ॅमेझॉन आणि बार्न्स अँड नोबल या दोन दुकानांची तुलना केली, तेव्हा एक तारा विक्री जितकी खाली ओढतो तितके पाच तारे ती वर नेत नाहीत असं दिसलं. म्हणजे काळजी अगदीच निराधार नाही. पण २०१० मध्ये जोना बर्जर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क टाइम्समधली परीक्षणं तपासली. वाईट परीक्षणाने नावाजलेल्या लेखकांची विक्री घटली होती, तर अनोळखी लेखकांची सुमारे ४५ टक्क्यांनी वाढली होती. पुस्तक अस्तित्वात आहे हेच लोकांना त्या परीक्षणामुळे कळलं. तुम्ही नवे आहात, म्हणजे या दुसऱ्या गटात आहात.

२०१४चा आणखी एक अभ्यास मी पुरस्कार मिळालेल्या मित्रांना सांगते. बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की यांनी गुडरीड्सवरचे ३८ हजारांहून अधिक अभिप्राय तपासले. पुरस्कार जाहीर झाल्यावर पुस्तकांचे तारे घसरले होते. पुस्तक गाजलं की ज्यांच्यासाठी ते लिहिलेलंच नाही असेही वाचक ते उचलतात. तारे खाली येताना दिसले तर कधीकधी वाचकवर्ग रुंदावतोय असाही त्याचा अर्थ असतो.

पाचवी पायरी: ट्रोलचं काय करायचं

गळाला तोंड लावायचं नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच, हे इथे शब्दशः खरं आहे. तुमचं उत्तर कितीही बिनतोड असलं तरी त्याला हवं होतं ते उत्तरच, आणि शिवाय तुमच्या उत्तरामुळे त्याची पोस्ट तुमच्या सगळ्या वाचकांपर्यंत पोचते.

त्याऐवजी कळा वापरा, आणि कुठली कळ केव्हा वापरायची ते समजून घ्या. लक्ष वेधायला धडपडणाऱ्याला म्यूट करा. तो ओरडत राहतो, तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आपल्याला गप्प केलंय हे त्याला कळतही नाही. इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ ही याहून उपयोगी सोय आहे. त्याची कमेंट त्याला एकट्यालाच दिसते. ब्लॉक केल्याचं मात्र त्याला समजतं, आणि काही जण ते पदकासारखं मिरवतात. म्हणून ब्लॉक शिवीगाळ करणाऱ्यांसाठी आणि मागेच लागलेल्यांसाठी ठेवा. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) नोव्हेंबर २०२४ पासून ब्लॉक केलेल्या माणसालाही तुमच्या सार्वजनिक पोस्ट वाचता येतात, फक्त त्यावर उत्तर देता येत नाही. तेव्हा तिथे घरगुती गोष्टी लिहिताना हे लक्षात असू द्या. आपल्या पोस्टखाली कोणाला लिहिता येईल हेही बहुतेक ठिकाणी ठरवता येतं. वादळात आठवडाभर ते बंद ठेवलं म्हणून कोणाचं स्वातंत्र्य हिरावलं जात नाही. लोकांना बोलायला त्यांची पानं आहेत.

मग खोटं पसरत असेल तर? तुम्ही न लिहिलेलं वाक्य तुमच्या नावावर फिरतंय, असं समजा. तेव्हा एकदा बोला. आपल्या पानावर, शांतपणे, पुराव्यासह, आणि खोटं पसरवणाऱ्याचं नाव न घेता. ‘माझ्या पुस्तकातलं म्हणून एक वाक्य फिरत आहे. ते माझ्या पुस्तकात नाही. ज्या पानाचा उल्लेख होतो आहे, त्या पूर्ण पानाचा फोटो सोबत आहे.’ ही पोस्ट वर टाचून ठेवा आणि त्यानंतर कोणीही विचारलं तरी तिच्याकडेच बोट दाखवा. दुसरं निवेदन काढू नका. दुसऱ्यात तुम्ही नकळत पहिल्याचा बचाव करू लागता.

सहावी पायरी: झुंड आली तर

एका रात्रीत शे-दोनशे एक-तारे पडले, बरीचशी खाती नवीकोरी आहेत, वाक्यं एकसारखी आहेत, पुस्तकातल्या एकाही पात्राचा उल्लेख नाही, तर याला इंग्रजीत रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात. मोठ्या नावांनाही ते चुकलेलं नाही. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांच्या येऊ घातलेल्या कादंबरीची कथा रशियात घडते एवढं कळताच, युक्रेनमधलं युद्ध चालू असताना, गुडरीड्सवर शेकडो एक-तारे पडले. पुस्तक कोणी वाचलेलंच नव्हतं. त्यांनी ते प्रकाशित करणं लांबणीवर टाकलं.

इथे धावपळ तुम्ही करू नका, प्रकाशकाला करू द्या. प्रकाशक नसेल तर तो पहिल्या पायरीवर ठरवलेला माणूस करेल. अभिप्रायांची यादी, खात्यांची नावं, तारखा, वेळा आणि सारख्या वाक्यांचे स्क्रीनशॉट एकत्र करून एकच तक्रार संकेतस्थळाकडे द्या. सुट्या शंभर तक्रारींपेक्षा तिच्याकडे लक्ष दिलं जातं. अशा वेळी गुडरीड्स त्या पुस्तकावर नवे तारे आणि अभिप्राय घेणं काही काळ थांबवू शकतं. पुस्तक सोडून लेखकाच्या वागण्यावरच लिहिलेले अभिप्राय काढण्याचं धोरण त्यांनी २०१३ मध्ये जाहीर केलं होतं, तेव्हा तक्रारीत नेमकं तेच दाखवून द्या.

‘माझ्या वाचकांनो, पाच तारे देऊन यांना उत्तर द्या’ असं आवाहन मात्र करू नका. न वाचता दिलेले पाच तारेही तितकेच खोटे असतात, आणि संकेतस्थळाने दोन्ही बाजूंची सफाई केली तर तुमच्या खऱ्या वाचकांचे अभिप्रायही त्यात वाहून जातील.

सातवी पायरी: धमकी आली तर

इथे वरचा कुठलाच सल्ला लागू नाही. जिवाची किंवा बलात्काराची धमकी, घराचा पत्ता जाहीर करणं, मुलांचा उल्लेख, फोटोंशी छेडछाड, यातलं काहीही आलं तर ते ट्रोलिंग नाही, गुन्हा आहे. ‘दुर्लक्ष कर’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

हटवण्याआधी पुरावा घ्या. स्क्रीनशॉटमध्ये खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. पोस्टची लिंक वेगळी उतरवून ठेवा, आणि जमलं तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ते पान जतन करा, म्हणजे त्याने पोस्ट काढली तरी नोंद राहते. मग संकेतस्थळाकडे आणि पोलिसांकडे, दोन्हीकडे तक्रार करा. घरातल्यांना त्याच दिवशी सांगा. मुलांनाही, त्यांच्या वयाला पेलेल तसं. अशा धमक्या एकट्याने पचवू पाहणारे लेखक मी पाहिलेत आणि त्यांची झालेली हालतही पाहिली आहे. पेन अमेरिका या लेखकांच्या संस्थेने ऑनलाइन छळाला तोंड कसं द्यायचं याची एक सविस्तर इंग्रजी पुस्तिका मोफत उपलब्ध केली आहे. ती प्रत्येक लेखकाने एकदा चाळावी.

बदनामीच्या दाव्याचा विचार मनात आला तर आधी मत आणि वस्तुस्थिती वेगळी करा. ‘हे पुस्तक टाकाऊ आहे’ हे मत झालं, त्यावर दावा लावायला जाऊ नका. ‘या लेखकाने हस्तलिखित चोरलं’ हे विधान खोटं असेल तर वकिलाला भेटा, आणि नोटीस काढायची का ते त्याच्याशी बोलून ठरवा. २००३ मध्ये गायिका-अभिनेत्री बार्बरा स्ट्रायसँड यांनी आपल्या घराचा हवाई फोटो संकेतस्थळावरून काढावा म्हणून दावा लावला. तोवर तो फोटो फक्त सहा वेळा उतरवून घेतला गेला होता, त्यातला दोनदा त्यांच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी झाल्यावर महिनाभरात चार लाखांहून जास्त लोकांनी ते संकेतस्थळ पाहिलं. दावाही टिकला नाही.

काही गोष्टी मात्र कधीच नाहीत

खोटं खातं उघडून स्वतःची स्तुती करायची नाही, कितीही अन्याय झालेला असो. २००४ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर तांत्रिक चूक झाली आणि निनावी अभिप्राय देणाऱ्यांची खरी नावं काही दिवस दिसू लागली. त्यात स्वतःच्याच पुस्तकांना पाच तारे देणारे लेखक सापडले. २०१२ मध्ये ब्रिटिश रहस्यकथाकार आर. जे. एलरी यांचं असंच पितळ उघडं पडलं. टोपणनावांनी ते स्वतःची वाहवा आणि इतर लेखकांवर टीका करत होते. त्यांना जाहीर माफी मागावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये तर एका नवोदित लेखिकेने आपल्यासारख्याच नवोदितांच्या पुस्तकांवर खोट्या खात्यांतून एकेक तारा टाकल्याचं उघड झालं, आणि प्रकाशकाने तिचं छपाईच्या वाटेवर असलेलं पहिलं पुस्तक रद्द केलं.

पैसे देऊन अभिप्राय घेणंही यातच आलं. खोट्या अभिप्रायांना, आणि चांगलंच किंवा वाईटच लिहायच्या अटीवर विकत घेतलेल्या अभिप्रायांना, अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून दंडाचा नियम आहे. आणि अभिप्राय देणाऱ्याचा माग काढायचा नाही. २०१४ मध्ये एका अमेरिकन लेखिकेने आपल्याला एक तारा देणाऱ्या बाईंचा पत्ता शोधून त्यांच्या दारापर्यंत जाऊन आल्याचं स्वतः वर्तमानपत्रात लिहिलं. त्या लेखिकेचं नाव काढलं की लोकांना आजही आधी तेच आठवतं.

दुसऱ्याच्या वेळी

माझ्या त्या दोन-तारेवाल्या बाईंना मी वर्षभराने दोन ओळींचं पत्र पाठवलं: ‘मी तुम्हाला तसं उत्तर द्यायला नको होतं. भावाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर होतं.’ दुसऱ्या आवृत्तीत तो भाऊ नवव्या प्रकरणात परत येतो. त्यांचं उत्तर आलं नाही आणि मी त्याची वाट पाहणंही योग्य नव्हतं.

शेवटचं काम तुमच्या स्वतःच्या पुस्तकाचं नाही. कधीतरी तुमच्या ओळखीच्या लेखकावर अशी धाड पडेल. तेव्हा जाहीर पाठिंब्याची लांबलचक पोस्ट टाकण्याआधी त्याला विचारा, कारण तुमच्या पोस्टमुळे प्रकरण पुन्हा वर येऊ शकतं. खासगीत मात्र लगेच लिहा. ‘हिंमत ठेव’, ‘लक्ष देऊ नकोस’ यांचा त्या रात्री काही उपयोग होत नाही. मला एका मैत्रिणीने लिहिलं होतं ते जसंच्या तसं देते: ‘तुझ्या पानाचा पासवर्ड मला दे. आज रात्री कमेंट मी हटवते, स्क्रीनशॉट मी घेते. फोन बंद कर आणि झोप, सकाळी आठला मी चहाला येते.’